पहाटे साडेतीनचं दुखणं: सहा वर्षं न सापडलेल्या एका कंबरदुखीचं प्रकरण

२०२२च्या नोव्हेंबरात ती माझ्याकडे दुसऱ्यांदा आली तेव्हा हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. आत सहा वर्षांचे कागद. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एक्स-रेचे मोठे लिफाफे, रबर लावून गुंडाळलेली एमआरआयची फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं. पिशवी टेबलावर ठेवत ती म्हणाली, "मॅडम, सगळं नॉर्मल आलंय. तरी बघा एकदा."

मी जयसिंगपुरात फिजिओथेरपी करते. ती शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यातली, तेव्हा २८ वर्षांची. घरी नवरा, सासू-सासरे, चार वर्षांचा मुलगा, दोन म्हशी, थोडा ऊस. तिची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. तिचं नाव, गाव आणि तिनं गाठलेल्या डॉक्टरांची नावं यात येणार नाहीत. आणि ती "दुसऱ्यांदा" आली होती हे आधीच सांगते, कारण पहिल्यांदा, २०१९ साली, मलाही तिचा आजार दिसला नव्हता.

त्या दिवशी बोलायला सुरुवात सासूबाईंनी केली. "पहाटे पाचला धार काढायची म्हटली की हिची कंबर दुखती. नऊ वाजले की ठणठणीत. दुपारी रानात भांगलायला जाती, तिथं कायबी नसतंय. सांजच्याला जरा निवांत बसली की पुन्हा सुरू. आता तुमीच सांगा, ह्याला काय म्हणायचं?"

मी लगेच काही बोलले नाही. पण कंबर दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन मी तोवर कुठल्या केस पेपरवर वाचलं नव्हतं. विसावा घेतल्यावर वाढणारं, हालचाल केली की ओसरणारं, पहाटे सगळ्यात वाईट असणारं दुखणं. घरानं ज्याला नाटक ठरवलं होतं, तीच त्या आजाराची, मणक्याच्या दाहक म्हणजे सुजेमुळे होणाऱ्या संधिवाताची, ओळख होती. सहा वर्षं ती ओळख सगळ्यांसमोर होती आणि प्रत्येक ठिकाणी तिच्याच विरुद्ध वापरली गेली.

पिशवीतले कागद

मी कागद तारखेप्रमाणे लावले. तासभर लागला. इतकी वर्षं हे कुणी केलं नव्हतं, कारण प्रत्येक डॉक्टरांनी फक्त सगळ्यात वरचा कागद पाहिला होता.

पहिली चिठ्ठी गावातल्या डॉक्टरांची, २०१७ची. वेदनाशामक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या. दोन दिवस तिला अगदी मोकळं वाटायचं, मग पुन्हा तेच. हा आरामही एक खूण होती. सुजेमुळे होणारी कंबरदुखी पूर्ण मात्रेतल्या सूजविरोधी गोळीनं चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत लक्षात येण्याइतकी उतरते. "इंजेक्शननं बरं वाटतं ना, मग झालं तर," एवढंच तिला ऐकायला मिळालं.

२०१८मध्ये सिझर झालं, मुलगा झाला. पुढच्या काही महिन्यांत दुखणं वाढलं आणि त्याला कारणही मिळालं. आपल्याकडे ते घरोघरी तयारच असतं: "पाठीत भुलीचं इंजेक्शन घेतलं ना, आता ही कंबर जन्माची." शेजारणी म्हणाल्या, आई म्हणाली, आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हे की दोन डॉक्टरांनीही त्याला दुजोरा दिला. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळू शकते. वर्षानुवर्षं टिकणारी कंबरदुखी त्या इंजेक्शनमुळे होते याला पुरावा नाही. पण एकदा हे कारण चिकटलं की पुढचा शोध थांबतो, आणि तिचाही थांबला.

२०१९ची चिठ्ठी हाडांच्या डॉक्टरांची. एक्स-रे काढला, "मणक्यात गॅप" सांगितला. हा शब्द आपल्या भागात इतका रुळलाय की गॅप वाढलाय की कमी झालाय हेही कुणी विचारत नाही. ड जीवनसत्त्व कमी आलं होतं, ते कुणाचंही येतं. कॅल्शियम, कमरेचा पट्टा, "वाकू नका, आराम करा", आणि खाली एक ओळ: फिजिओथेरपी, दहा दिवस.

ती चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली होती. माझ्या जुन्या वहीत नोंद सापडली. शेक, आयएफटी (विजेच्या सौम्य लहरींचा उपचार), ट्रॅक्शन (कमरेला यंत्रानं ताण देणं), पोट आणि पाठीचे चार व्यायाम. शेवटच्या दिवशी लिहिलंय, "फारसा फरक नाही." दहा दिवस ती माझ्या टेबलावर झोपत होती आणि दिवसाच्या कुठल्या वेळी दुखतं हे मी एकदाही विचारलं नाही. चिठ्ठीवर जे लिहून आलं तेवढं मी केलं. त्या वहीचं ते पान मी अजून काढून ठेवलंय.

२०२०ला एमआरआय. त्यासाठी घरातली रेडी विकली. रिपोर्टात शेवटच्या मणक्यांमधली एक गादी किंचित फुगलेली. तिला सांगितलं, नस दबलीय, पुढेमागे ऑपरेशन लागेल. आता इथे थोडं थांबायला हवं. २०१५ साली तीन हजारांहून अधिक, काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिलेला एक आढावा आहे. विशीतल्या निरोगी लोकांतही सुमारे ३० टक्क्यांची गादी फुगलेली दिसली होती. म्हणजे फुगलेली गादी दिसली म्हणून दुखण्याचं मूळ सापडलं असं होत नाही. शिवाय तो एमआरआय कमरेच्या मणक्यांचा होता. तिचा आजार जिथे होता ते सांधे, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी आणि ओटीपोटाचं हाड जिथे जुळतात ती जागा, त्या फिल्मवर धड आलीच नव्हती. रेडी गेली ती गेलीच, आणि घरात "हिच्या कमरेपायी" हा शब्दप्रयोग सुरू झाला.

२०२१मध्ये एका फिजिशियननी रक्त तपासलं. आरए फॅक्टर निगेटिव्ह, शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी नॉर्मल. "संधिवात नाही," असं लिहिलं. आरए फॅक्टर ही एका प्रकारच्या संधिवाताची तपासणी आहे. मणक्याच्या या आजारात ती सहसा निगेटिव्हच येते, आणि सीआरपीसुद्धा बऱ्याच जणांत वाढत नाही. मग सासूबाई शेजारी बसलेल्या असताना तिला विचारलं गेलं, "घरात काही टेन्शन?" ती काय उत्तर देणार होती? मान हलवली. रात्री झोपताना घ्यायची अमिट्रिप्टिलिन सुरू झाली. गोळी वाईट नव्हती, जुनाट दुखण्यात ती कमी मात्रेत देतातच. वाईट होतं ते सोबतचं वाक्य: "शरीरात काही नाही, मनातून काढून टाका." बाहेर आल्यावर सासूबाईंनी रिक्षातच फोन लावला आणि घरी सांगितलं, डॉक्टर म्हणाले काय झालं नाही.

त्यानंतर वर्षभर तिनं दुखण्याचं कुणाला सांगितलं नाही.

आणि या सगळ्यात एक छोटा कागद, मिरजेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा, त्याच वर्षातला. उजवा डोळा लालभडक, उजेड सहन होत नाही, दुखतो. आधी मेडिकलमधून "डोळे आले" म्हणून थेंब आणले होते. या डॉक्टरांनी नीट तपासून लिहिलं होतं: अँटेरियर युव्हायटिस, म्हणजे बुबुळाच्या रंगीत पडद्याला आलेली सूज. स्टेरॉइडचे थेंब दिले, डोळा बरा झाला. मणक्याच्या या आजाराच्या चारातल्या एका माणसाला तरी कधी ना कधी असा डोळा येतो. तो कागद पुढच्या प्रत्येक भेटीत पिशवीत होता. कंबर दाखवायला गेलेल्या बाईच्या डोळ्याचा कागद कोण पाहणार?

खोलीत कोण होतं

कागद लावून होईतो सासूबाई मुलाला बिस्किटं आणायला खाली गेल्या. मी विचारलं, "पहिल्यांदा कधी दुखलं?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "लग्नाआधी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बाकावरून उठताना कंबर जखडायची. आई म्हणाली, कुठं बोलू नको, सोयरीक मोडंल."

म्हणजे २०१६. वय २२. सिझरच्या दोन वर्षं आधी. पाठीतल्या इंजेक्शनची सगळी कहाणी त्या एका वाक्यात संपली. आणि हे वाक्य ती सहा वर्षांत एकाही डॉक्टरांपुढे बोलू शकली नव्हती, कारण प्रत्येक वेळी शेजारी सासू किंवा नवरा होता. ते दुष्ट आहेत असं मुळीच नाही. सासूबाईंनी तिला आठ ठिकाणी स्वतः नेलंय, पोराला कडेवर घेऊन बाहेर उभ्या राहिल्यात. पण आपल्याकडे बाईच्या दुखण्याची सुरुवात कुठल्या घरात झाली यावर बरंच काही ठरतं, आणि ज्या तपासणीत बाईला पाच मिनिटंसुद्धा एकटीला भेटत नाहीत तिथे तारीख चुकीचीच लिहिली जाणार.

"रात्री जाग येते?"

"साडेतीनला. रोज. कूस बदलता येत नाही. मग उठून परड्यात फेऱ्या मारते. म्हशींना वाटतं वैरण आणली, त्याबी उठून उभ्या राहतात."

"आणि फेऱ्या मारल्यावर?"

"सुटतंय हळूहळू."

आज डावा कुल्ला ठणकतो, पुढच्या आठवड्यात उजवा. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचा दुखतात. हे तिनं एका डॉक्टरांना सांगितलं होतं, तर ते म्हणाले होते, "दुखणं असं जागा बदलत नसतं." या आजारात ते बदलतं, आणि टाचेशी जिथे स्नायूची दोरी हाडाला जोडलेली असते तिथेच सूज येते.

मला शब्दांबद्दल एक म्हणायचंय. मराठीत दुखण्याला किती वेगवेगळे शब्द आहेत: कळ, चमक, ठणका, सल, मुंग्या, आखडणं, जखडणं. ती पहिल्यापासून "कंबर जखडते", "लाकडागत होते" असं म्हणत होती. हे दुखणं नव्हे, ताठरपणा. डॉक्टरी शिक्षणात त्याला वेगळं महत्त्व आहे. पण तिच्या तोंडचा शब्द कागदावर जाताना प्रत्येक वेळी "कंबरदुखी" होऊन गेला. मी २०१९ला तेच केलं होतं.

सुजेमुळे होणारी कंबरदुखी ओळखायला जगभरच्या तज्ज्ञांनी पाच साध्या गोष्टी ठरवून दिल्यात. चाळिशीच्या आत सुरुवात, हळूहळू सुरू होणं, व्यायामानं कमी होणं, विश्रांतीनं कमी न होणं, आणि रात्रीचं दुखणं जे उठल्यावर ओसरतं. पाचातल्या चार असल्या तरी संशय घ्यावा. तिच्यात पाचही होत्या. यासाठी एक रुपयाची तपासणी लागत नाही.

सकाळी साडेसातला

मी तिला एक विनंती केली. पहिल्या एसटीनं ये, रात्रीपासून गोळी घेऊ नकोस आणि त्या दिवशी धार दुसऱ्या कुणी काढू दे.

कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तिच्या गावातून निघून कुठल्याही ओपीडीत तिचा नंबर लागेपर्यंत दुपारचे बारा-एक वाजायचे. तोवर ती सहा-सात तास उभी, चालती, कामात असायची, शिवाय प्रवास सोसावा म्हणून निघताना गोळी घ्यायची. म्हणजे डॉक्टरांनी तिला कायम तिच्या दिवसातल्या सगळ्यात बऱ्या वेळी पाहिलं होतं. "वाका", ती वाकायची. "पाय उचला", उचलायची. मग काय, ठीकच आहे.

त्या सकाळी ती पायऱ्या चढताना कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत आली. खुर्चीत बसायला तयार नव्हती. मी तिच्या पाठीवर, कमरेच्या खळग्यांच्या रेषेत पेनानं एक खूण केली, तिथून वर बरोबर १० सेंटीमीटरवर दुसरी. मग पुढे वाकायला सांगितलं आणि टेप लावली. तरुण, निरोगी माणूस वाकला की ते अंतर १५च्या आसपास जातं. तिचं १२.५वर थांबलं. खोल श्वास घेतल्यावर छाती पाच सेंटीमीटर तरी फुगायला हवी. तिची तीन. दोन्ही कुल्ल्यांवरचे सांधे दाबल्यावर ती कळवळली.

टेपवरचा आकडा मी तिला दाखवला. सहा वर्षांत दुखण्याचा दिसणारा असा पहिला पुरावा तिच्यासमोर आला होता.

निदान करणं माझं काम नाही. पुण्यातल्या संधिवाताच्या तज्ज्ञांसाठी मी एक पानी पत्र लिहिलं. सुरुवातीचं खरं वर्ष, पाच खुणा, डोळ्याचा कागद, दोन मापं, कुठल्या गोळीनं किती तासांत आराम पडतो, आणि खाली मोकळा प्रश्न: हा मणक्याचा दाहक संधिवात असू शकतो का? पुण्याला जायचं म्हणजे खर्च, म्हणून नवऱ्यानं ते पत्र आधी जवळच्याच एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. उत्तर आलं, "हा आजार तरुण पोरांना होतो, बायकांना नाही."

ही जुनी समजूत आहे. एक्स-रेवर ठळक बदल दिसले तरच आजार मानायचा, असे निकष १९८४पासून चालत आले होते. बायकांत ते बदल बऱ्याचदा उशिरा आणि कमी दिसतात, म्हणून त्या मोजणीतूनच सुटत गेल्या. २००९च्या निकषांत एमआरआयवरची सूज धरली जाऊ लागली, आणि एक्स-रेवर अजून न दिसणाऱ्या टप्प्यात बायका आणि पुरुष जवळपास सारखेच सापडायला लागले. पण तालुक्याच्या ओपीडीत जुनंच वाक्य अजून चालतं.

पुण्यात

पुण्याला जाऊच, असं शेवटी सासऱ्यांनी ठरवलं. जानेवारी २०२३. मिरजेहून रेल्वेनं. बसून आखडायला होतं म्हणून बराचसा वेळ ती दारापाशी उभी होती. आमच्याकडे "वाताचे डॉक्टर" म्हटलं की लोक मालिशवाल्याकडे नेतात. संधिवाताचे वेगळे तज्ज्ञ असतात, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

त्या डॉक्टरांनी आधी तिला एकटीला आत घेतलं. वीस मिनिटं बोलले, त्यातला निम्मा वेळ घड्याळावर: किती वाजता जाग, किती वेळ ताठर, किती वाजता मोकळी. मग ओटीपोटाच्या हाडांचा एक्स-रे, त्या सांध्यांचा एमआरआय आणि एचएलए-बी२७ या जनुकाची रक्ततपासणी. या जनुकाचा आणि आजाराचा संबंध १९७३ साली समजला. ते असलं म्हणजे आजार आहेच असं नाही, निरोगी माणसांतही ते सापडतं. पण एवढ्या खुणांसोबत आलं की पारडं जड होतं.

बी२७ पॉझिटिव्ह. एक्स-रेवर दोन्ही बाजूंच्या सांध्यांच्या कडा झिजलेल्या. एमआरआयवर हाडात सूज. डॉक्टरांनी एक शंका स्वतःच काढली: बाळंतपणानंतरही या सांध्यांत अशी सूज दिसू शकते. पण ती काही महिन्यांत, फार तर वर्षा-दीड वर्षात ओसरते. हिच्या बाळंतपणाला चार वर्षं झाली होती, आणि कडा झिजणं बाळंतपणानं होत नाही. निदान: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजेच मणक्याचा दाहक संधिवात.

सगळ्यांना आत बोलावून डॉक्टरांनी समजावलं. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "ह्यात लिवलंय का, सकाळी दुखतं म्हणून?"

डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून दिलं: "सकाळी व विश्रांतीनंतर कंबर आखडते, हालचालीनंतर मोकळी होते. हे या आजारामुळे होते." खाली सही. घरी आल्यावर सासऱ्यांनी ते पान झेरॉक्स करून घेतलं. हे मला त्या औषधाच्या चिठ्ठीइतकंच मोलाचं वाटतं.

उपचार साधा वाटेल असा होता. नॅप्रोक्सेन ही सूजविरोधी गोळी, पूर्ण मात्रेत, दुखलं तरच नव्हे तर रोज, पोटाच्या गोळीसोबत आणि किडनीच्या तपासणीवर लक्ष ठेवून. पट्टा बंद. आराम बंद. सहा वर्षं तिला "आराम करा" सांगितलं जात होतं आणि त्यानं आजार वाढतच गेला होता. आता रोजचा व्यायाम हेच औषध, आणि तो भाग माझ्याकडे आला. एवढ्यानं भागलं नाही तर सूज मुळाशीच अडवणारी जैविक इंजेक्शनं लागतील हे सांगून ठेवलं. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी लागते, कारण त्यातली काही औषधं शरीरात झोपलेला टीबी जागा करतात. पहिल्या गोळीनं तीन आठवड्यांत निम्मा फरक पडला, दुसऱ्या गोळीवर बदलल्यावर आणखी थोडा. इंजेक्शनाचा विचार अजून खुला आहे. तिला दुसरं मूल हवंय, त्यामुळे कुठलं औषध कधी, हा हिशेब डॉक्टर तिच्याशी बोलून करतात.

ती पूर्ण बरी झालेली नाही. थंडीत वाईट आठवडे येतात. झिजलेल्या कडा भरून येणार नाहीत. त्या आधीच्या वर्षांत सूज आटोक्यात असती तर किती वाचलं असतं, हे ती मला एकदा विचारून गेली. मला नेमकं उत्तर देता आलं नाही. काहीतरी नक्कीच वाचलं असतं, एवढं म्हटलं.

"मनातून काढून टाका" म्हणणाऱ्या डॉक्टरांकडे ती रिपोर्ट घेऊन जाणार होती. गेलीही. नंबर लावून दोन तास बसली. शेवटी संध्याकाळच्या धारेची वेळ झाली म्हणून उठून आली. मला खूप वाटतं की तो रिपोर्ट त्यांच्या टेबलावर पोचायला हवा होता. दिवसाला शंभर पेशंट पाहणाऱ्या माणसाला आपलं काय चुकलं ते कळायला दुसरा मार्ग नाही, कारण बरा न झालेला पेशंट परत येत नाही, तो दुसरीकडे जातो.

आता ती साडेचारला उठते. गरम पाण्यानं अंघोळ, मग सोप्यात सतरंजी टाकून वीस मिनिटं व्यायाम, मग धार. सासूबाई तोवर म्हशींना पेंड घालून ठेवतात.

गेल्या वर्षी तिच्या माहेरून फोन आला. धाकटा भाऊ, वय २१, कॉलेजला जायला सकाळी उठत नाही, कंबर दुखते म्हणतो, जिममुळे असेल, नुसता आळशी झालाय, असं आई सांगत होती. ती म्हणाली, फोन त्याला दे. आणि आईला म्हणाली, तू जरा बाहेर जा.

मग भावाला तिनं पहिलाच प्रश्न विचारला, रात्री किती वाजता जाग येते.

तो म्हणाला, "तीन, साडेतीन. तुला कसं कळलं?"